हिंगोलीच्या मुलखात पाखरे कोठे पाहावीत?

पाखरे पाहणे हा साहेबी शौक आहे, असे आम्हीही एके काळी समजत होतो. हमालांच्या सभांसाठी हिंडताना एस. टी.ची वाट पाहत फाट्यांवर तासन्‌तास काढले, तेव्हा तो समज गेला. या शौकाला तिकीट नाही. सकाळचा एक तास आणि उघडे डोळे पुरतात. आठ तासांच्या कामासाठी कामगार लढला, तो अशा मोकळ्या तासांसाठीही.

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यात पाखरांची चार निरनिराळी बिऱ्हाडे आहेत.

पहिले धरणांचे. पूर्णेवर सिद्धेश्वर, आणि पैनगंगेवर यवतमाळच्या सीमेला इसापूर. येथे हिवाळ्यात जावे. रब्बीच्या पाळ्या सुटल्या की पाणी हटते, गाळ उघडा पडतो आणि त्यातले किडे टिपायला उत्तरेकडून आलेले तुतवार जमतात. म्हणून धरणाच्या भिंतीवर न थांबता, पाणी उथळ होते त्या मागल्या अंगाला जावे. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला पक्षी दिसला, तर तो वारकरी. चोचीवर पिवळा-तांबडा रंग असलेले बदक ते हळदीकुंकू. नावे ठेवणारे आपल्यासारखेच लोक होते!

दुसरे बिऱ्हाड कयाधूच्या काठचे. नर्सीला नामदेवांच्या दर्शनास जाल तेव्हा घटकाभर नदीकडे पाहा. डबक्यांपाशी खंड्या, धोबी आणि लांब तांबड्या पायांचा शेकाट्या सापडेल.

तिसरे औंढ्याभोवतीच्या टेकड्यांचे. फाल्गुनात पळस फुलला, की मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर एकाच झाडावर भांडतात. एका पळसाखाली बसून राहणे हे रानभर भटकण्यापेक्षा अधिक फळते.

चौथे माळरानाचे. सेनगावकडे जाताना दोन्ही बाजूंना ते पाहावे. चंडोल, माळटिटवी ही तेथली कायमची कुळे. हिवाळ्यात भोवत्या ससाणा येऊन शेतकऱ्याचे वैरी असलेले नाकतोडे खातो. पण याच बिऱ्हाडाला धोका मोठा. धरणाला भिंत आहे, जंगलाला खाते आहे. माळाला मात्र कागदावर ‘पडीक’ एवढीच ओळख. जेथे कोणी राहत नाही असे लिहिले, तेथे कोणीही मुरूम काढतो, नांगर घालतो. खोपटात राहणाऱ्या मजुराची नोंद नसली, की त्याचे खोपट असेच उठते. आम्ही ते पाहिले आहे.

आता उन्हाळा. परदेशी पाहुणे गेले. पण आमराईत हळद्या आहे, आणि माळावर टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांसारखीच दिसणारी आहेत. ती डोक्यावर ओरडू लागली, तर आपण तिच्या घरात शिरलो असे समजून मागे फिरावे. उद्या सकाळी जा. काय दिसले ते वहीत तारखेसह लिहा. ‘पडीक’ या शब्दाला उत्तर द्यायचे, तर अशा नोंदीच हाताशी हव्यात.