मनी खोकते तेव्हा...

डहाणूच्या उत्तरेला, घोलवडच्या अलीकडे, समुद्राला खेटून चिखले गाव आहे. एका अंगाला वाळू नि सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. आणि जिथे मासळी, तिथे मांजर आलीच! सुकत घातलेल्या बोंबलांवर डोळा ठेवून बसलेली मनी तिकडे काही नवलाची नाही.

समजा, अशीच एक मनी तुमच्या घरी आहे. पावसाळी संध्याकाळ. दारं-खिडक्या बंद. डासांसाठी कॉइल लावलेली, देवापुढे धूप. एकाएकी मनी जमिनीला चिकटून बसते, मान पुढे ताणते आणि 'ख्यॅक् ख्यॅक्' करू लागते. आजी म्हणते, "काही नाही रे, केस अडकलेत घशात. ओकली की मोकळी होईल."

आजीचं निम्मं बरोबर आहे. मांजर अंग चाटते तेव्हा केस पोटात जातात. मग पोट ढवळून ती केसांची ओली गुंडाळी बाहेर टाकते. पण पुन्हा पुन्हा खोकूनही काहीच बाहेर पडलं नाही तर? तर तो दमा असू शकतो. हो, मांजरांनाही दमा होतो!

होतं काय, की धूर, धूळ, बुरशी, फुलांचे पराग, अंगाला लावायची पावडर, असल्या कणांना शरीर उगीचच शत्रू समजतं. श्वासनळ्या आतून सुजतात, चिकटा साचतो, भोवतीचे स्नायू आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. विडी-सिगारेटचा धूर तर फारच वाईट. (हे वाक्य बाबांना मोठ्यानं वाचून दाखवा!)

मांजर दुखणं लपवते, म्हणून एक युक्ती शिकून ठेवा. मनी गाढ झोपली की घड्याळ घेऊन बसा. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. साधारण २० ते ३० आले तर ठीक. ४० च्या वर जात असतील तर पशुवैद्यांना दाखवायला हवं. आणि मनी कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या निळसर दिसत असतील, तर उद्यावर ढकलू नका. तेव्हाच न्या.

नुसत्या शिंका, चिकट डोळे, वाहणारं नाक हे बहुधा विषाणूंचं काम. त्यावर लस मिळते.

एक मात्र कधीही करू नका. "आपण घेतो तीच गोळी अर्धी देऊ," असं कुणी म्हणालं तर हात धरा! आपल्या तापाची पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो. एका गोळीनंही जीव जाऊ शकतो. कापराचा बामही तिच्या अंगाला लावायचा नाही.

दमा मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. सूज कमी करणारी औषधं असतात. माणसांसारखा पंपही असतो, फक्त त्याला नळकांडं आणि इवलासा मुखवटा जोडलेला. मनीला तो आवडत नाही, उघडच आहे! म्हणून पहिले काही दिवस मुखवटा नुसताच तिच्या ताटलीशेजारी ठेवायचा. मग त्याच्या काठावर उकडलेल्या मासळीचा तुकडा ठेवायचा. ती आपणहून नाक आत घालू लागली, की मग औषध.