दैनंदिन जीवनात व्हिडिओ गेमची सकारात्मक उपयुक्तता : एक विवेचन

प्रस्तावना :
व्हिडिओ गेमचा विषय निघताच अभ्यासाकडे दुर्लक्ष, एकलकोंडेपणा आणि व्यसनाधीनता हेच मुद्दे प्रामुख्याने चर्चिले जातात. ही चिंता निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून तीत ‘गेमिंग विकारा’चा समावेश आहे. तथापि, खेळण्यावरील नियंत्रण सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि दुष्परिणाम दिसूनही खेळ चालू राहणे, ही लक्षणे सर्वसाधारणपणे किमान १२ महिने आढळल्यासच हे निदान केले जाते. त्यामुळे ‘विद्यार्थी खेळतो का?’ यापेक्षा ‘कोणता खेळ खेळतो व त्यातून काय शिकतो?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

खेळाची रचना व अध्ययन :
अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे तयार केलेला ‘टेट्रिस’ हा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वरून पडणारे ठोकळे फिरवून आडव्या ओळी पूर्ण करावयाच्या, एवढाच त्याचा नियम. चूक झाल्यास ती तत्काळ दिसते. कौशल्य वाढेल तसा वेगही वाढतो. आणि डाव संपला तरी लगेच नवा मांडता येतो. तात्काळ प्रत्याभरण, क्रमशः वाढणारी काठिण्यपातळी आणि अपयशाची अल्प किंमत ही अध्ययनाची तीन तत्त्वे येथे एकत्र येतात.

अवधान व हस्तकौशल्य :
ग्रीन व बॅव्हेलिअर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, न खेळणाऱ्या व्यक्तींना दहा दिवस रोज एक तास वेगवान कृतिप्रधान खेळाचा सराव दिला असता त्यांचे दृश्य अवधान सुधारल्याचे दिसले. टेट्रिस खेळणाऱ्या तुलनागटात मात्र तेवढी सुधारणा आढळली नाही. म्हणजेच लाभ खेळाच्या स्वरूपानुसार बदलतो. अमेरिकेत ३३ शल्यचिकित्सकांच्या २००७ मधील अभ्यासात, पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक खेळलेल्यांच्या दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. अर्थात हा सहसंबंध आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

सामूहिक समस्यानिराकरण :
वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘फोल्डिट’ या खेळात खेळाडू प्रथिनांच्या घड्या जुळवितात. माकडांमध्ये एड्ससदृश रोग निर्माण करणाऱ्या विषाणूच्या एका विकराची रचना दशकाहून अधिक काळ उलगडली नव्हती. खेळाडूंनी सुमारे तीन आठवड्यांत तिचे उपयुक्त प्रारूप दिले व २०११ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. बहुतेक खेळाडूंना जीवरसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण नव्हते, ही बाब अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

मर्यादा :
सर्वच खेळ हितकारक नसतात. भारतात २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमानेही पैसे लावून खेळावयाचे खेळ एकीकडे आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ दुसरीकडे, असा भेद केला आहे. शिवाय एका खेळात मिळविलेले कौशल्य सर्व क्षेत्रांत आपोआप उतरत नाही. झोप, व्यायाम व वाचन यांचा वेळ खाऊन मिळणारा लाभ हा लाभ म्हणता येणार नाही.

समारोप :
परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी पुन्हा पुस्तक उघडण्यास कचरतो. तोच विद्यार्थी खेळात वीस वेळा हरूनही एकविसाव्यांदा डाव मांडतो. या फरकाचे कारण त्याच्या स्वभावाइतकेच दोन्ही ठिकाणच्या रचनेत आहे. वर्षाअखेरच्या एका गुणपत्रिकेऐवजी लहान टप्पे, त्वरित प्रत्याभरण व पुन्हा प्रयत्नाची संधी वर्गात उपलब्ध झाल्यास, व्हिडिओ गेमची उपयुक्तता संगणकाविनाही अध्यापनात उतरविता येईल.