नारायण धारप : शिकलेल्या माणसाची भीती

चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी म्हणून मराठीत भयकादंबरी फारशी कुणी लिहिली नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने त्या वयाला साहस दिले. भीती मात्र मुलांनी मोठ्यांच्या कपाटातून आपणच शोधून काढली, आणि त्या कपाटात नारायण धारप (१९२५–२००८) होते. 'लुचाई', 'ग्रहण', 'शपथ', '४४० चंदनवाडी' ही पुस्तके कुणी मुलांच्या हाती ठेवली नाहीत. ती मुलांनी पांघरुणात लपवून वाचली.

आमच्या पलूस तालुक्यातून धारपांकडे पाहिले की त्यांची जागा नीट दिसते. इथे किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तिथल्या ओसाड माळावर कारखाना उभारला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथूनच 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' झाले, आणि या मासिकाने अंधश्रद्धेशी उघड भांडण मांडले. याच तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबरचे दत्तस्थानही आहे. यंत्रावर विश्वास आणि दत्तावर श्रद्धा, दोन्ही एकाच घरात नांदताना इथली पोरे पाहत आली. धारपांचा निवेदक याच घरातला वाटतो: शिकलेला, नोकरदार, पुरावा मागणारा. भुताला आधीच मानणारा माणूस घाबरला तर त्यात नवल नाही. न मानणाऱ्याचे एकेक कारण संपत जाते, तेव्हा वाचकाच्याही पायाखालची जमीन सरकते. धारपांची खरी ताकद इथे आहे. भाड्याची खोली, जुना वाडा, दूरच्या नात्यातून आलेला वारसा अशा साध्या गोष्टींपासून ते सुरुवात करतात, आणि पहिली खटकणारी बाब इतक्या सहज सांगतात की वाचक ती ओलांडून पुढे जातो.

त्यांच्या समर्थकथांमध्ये या भीतीला उत्तर मिळते. अप्पा जोशींच्या सोबतीने वावरणारे समर्थ अघोरी शक्तींशी झुंजतात. वाचकाला धीर देणारा असा माणूस मराठी भयकथेत दुसरा नाही. तरी मला समर्थ नसलेली पुस्तके अधिक मोठी वाटतात. सोडवायला कुणी येणार नाही, हे तिथे कळून चुकते.

उसनवारीचा प्रश्न टाळता येणार नाही. 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) आहे, 'शपथ'मागे त्याचीच 'इट' (१९८६). लहानपणी एकत्र झुंजलेले मित्र मोठेपणी पुन्हा त्याच संकटापुढे उभे राहतात, हा सांगाडा किंगचा. त्यात भरलेली माणसे, त्यांचे संकोच, त्यांची घरे मात्र इथली आहेत. हे रूपांतर हलक्या हाताचे नाही. पण ऋण स्पष्ट नोंदवायला हवे होते, असे मी ठामपणे म्हणेन.

समकालीन रत्नाकर मतकरींचा (१९३८–२०२०) मार्ग निराळा. 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीने त्यांनी मुलांना हसवले आणि 'खेकडा'सारख्या गूढकथांत माणसाच्या मनातला विकार दाखवला. मतकरींना नाटकामुळे मान मिळाला. धारपांना समीक्षेने बराच काळ दारातच उभे केले.

२०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा चित्रपट आला. त्याच्या मुळाशी धारपांची एक कथा असल्याचे कळताच नवी पिढी त्यांची पुस्तके शोधू लागली. नव्या आवृत्त्याही मिळतात. आता प्रत्येक पुस्तकावर पहिल्या प्रकाशनाचे वर्ष आणि जिथे आधार घेतला तिथे मूळ कृतीचे नाव छापावे. सुरुवात 'लुचाई'पासून करावी.