सातबारा घरचा, कारभार बाहेरचा

माहूर तालुक्यात शेतीतला बडा उद्योग शोधायला निघालात, तर तो शिवारात सापडणार नाही. पैनगंगेच्या काठापासून रेणुकामातेच्या गडाखालच्या उतारांपर्यंत वावरं लहान आहेत आणि सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच आहे. दर पिढीच्या वाटणीत ती आणखी लहान होतात. १९७०-७१च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती; २०१५-१६ला ती १.३४ हेक्टरवर आली. अमेरिकेत, ब्राझीलमध्ये शेतं एकत्र होत हजारो एकरांची झाली. आपल्याकडे तुकडे पडत गेले. तरीही बड्या भांडवलाची शेती आपल्याकडे आलीच. ती कोणत्या वाटेने आली, हे एका हंगामाच्या मागोमाग चालत गेलं की कळतं.

जमीन विकत घेऊन येणं तिला अवघड होतं. कमाल जमीन धारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीला कुटुंबामागे ५४ एकरांची मर्यादा आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर परवानगी लागते. शिवाय किनवट-माहूर भागात गोंड, आंध, कोलाम कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, आणि आदिवासींची जमीन इतरांच्या नावे करायला जमीन महसूल संहितेचं ३६-अ कलम आडवं येतं. मग भांडवल जमिनीच्या दोन्ही अंगांना जाऊन बसलं: पेरणीच्या आधी आणि काढणीच्या नंतर.

पेरणीच्या आधीचं अंग म्हणजे बियाणं. नांदेडच्या सरकारी कापूस संशोधन केंद्राने दिलेलं एनएचएच-४४ हे संकरित वाण एके काळी दूरदूरपर्यंत पेरलं जाई. मार्च २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातलं जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचं, आणि बियाणं आणणारी महिको आपल्या जालन्याची. हे बियाणंही संकरितच; त्याची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरली तर पीक सारखं येत नाही, म्हणून दर जूनला पाकीट विकतच आणावं लागतं. बोंडअळीसाठीची फवारणी वाचेल हा त्याचा मोठा आधार होता; २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीने तो मोडला. पाकिटाचा खर्च राहिला, फवारणीचाही परत आला. हा माल कृषी केंद्रातून पुष्कळदा उधारीवर येतो, आणि उधारी असली की माल कधी विकायचा हे शेतकऱ्याच्या हातात राहत नाही.

काढणीनंतरचं अंग समजायला सोयाबीन पाहावं. पूर्वी ज्वारी घरात खाल्ली जाई, कडबा बैलाला जाई. भाव पडला तर धान्य बळदात राही. सोयाबीनचं तसं नाही. घरात त्याचा दाणा शिजत नाही. पोतं भरलं की ते आडतीवरच जायचं. मला हा बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. जे पीक घरात लागत नाही, त्याच्या भावापुढे घर उघडं पडतं.

आडतीवर आधी ओलावा मोजतात. हमीभावाच्या खरेदीत तो साधारण १२ टक्क्यांपर्यंत चालतो. परतीच्या पावसात भिजलेल्या ढिगात तो सहज जास्त निघतो आणि भाव तिथेच कापला जातो. त्याच्याही आधी शेतकऱ्याने मोबाइलवर लातूरचा भाव आणि प्लांटचा भाव पाहिलेला असतो. प्लांट म्हणजे तेल काढणारा कारखाना. १०० किलो सोयाबीनमधून तिथे साधारण १८ किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणून माहूरच्या दाण्याचा भाव ब्राझील-अर्जेंटिनाच्या पेंडीवर, इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलावर आणि दिल्लीत ठरणाऱ्या आयात शुल्कावर हलतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेला, तेव्हा सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजारात आला तोवर भाव उतरला होता. २०२४-२५ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार बराच काळ त्याखाली राहिला.

पेरणी आणि विक्रीच्या मधल्या कामांचा कारभारही असाच बाहेर जातो. कापणी गुत्त्याने, मळणी भाड्याच्या यंत्राने. ज्याला हे परवडत नाही तो जमीन बटईने किंवा ठोक्याने देतो, आणि ट्रॅक्टरवाला एकटाच अनेकांची वावरं कसतो. हे व्यवहार बहुधा तोंडी असल्याने शेत मोठं होतं आणि कागदावर मात्र लहानच दिसतं.

यात शेतकऱ्याच्या हाती काही उरलंय का? उरलंय, आणि मी ते कमी मानत नाही. सोयाबीन स्वपरागित असल्याने त्याचं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण घरी राखता येतं. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२, एमएयूएस-६१२ ही वाणं सरळच आहेत. फक्त दाण्याची साल नाजूक असते: मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवावेत, पोती आपटू नयेत, थप्पी उंच लावू नये.

भाव पडलेला असताना घाईने विकायचं नसेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने मिळतं. मुदत सहा महिने. आणि दहा शेतकरी एकत्र आले तर उत्पादक कंपनी काढता येते, ज्यात शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. अशा कंपन्या कागदावर पुष्कळ निघाल्या. ज्यांनी स्वतःचा काटा, चाळणी आणि गोदाम उभं केलं, त्यांनाच पुढे बोलायला जागा मिळते.

पुढच्या मृगाआधी एवढं तरी कराच. घरच्या पोत्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि आठवडाभर ओल राखा. ७० किंवा जास्त उगवले, तर त्या वर्षी सोयाबीनचं बियाणं विकत आणू नका.