अर्ध्या पॉटसाठी खेळू नका

पोकर म्हटलं की लोकांना टेक्सास होल्डेम आठवतो. मला विचाराल तर पत्त्यांची खरी गोडी आहे ती ओमाहा हाय-लोमध्ये. यात पॉटचे, म्हणजे सगळ्यांनी मिळून मध्ये लावलेल्या ढिगाचे, दोन वाटे होतात: अर्धा सगळ्यात वरच्या हाताला, अर्धा सगळ्यात खालच्या हाताला. नवख्याला वाटतं, चला, जिंकायच्या वाटा दुप्पट झाल्या. खरं तर अर्ध्यावर समाधान मानणारा इथे हळूहळू रिकामा होतो. पानं धरायची ती दोन्ही वाटे घेण्यासाठी.

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी हा खेळ चिंचोक्यांवर रंगतो, आणि शिकणाऱ्याने तो तसाच शिकावा असं मी मनापासून सांगते. पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळवण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर पैसे लागतात. पण डोकं चालवण्याची मजा चिंचोक्यांतही तेवढीच आहे.

मांडणी सोपी आहे. प्रत्येकाला चार पानं झाकून वाटायची, मग पहिली चाल. त्यानंतर टेबलावर तीन पानं उघडायची, हा फ्लॉप. मग चौथं पान टर्न आणि पाचवं रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर चाल लावायची, नाहीतर पानं टाकायची. टेबलावरची पाच पानं सगळ्यांची सामाईक.

आता पाठच करावा असा नियम: हातातली दोनच पानं घ्यायची आणि टेबलावरची तीनच. एक कमी नाही, एक जास्त नाही. टेबलावर चार इस्पिक आहेत आणि तुमच्या हातात इस्पिकचा एकटा एक्का आहे, तर तुमचा कलर झालेला नाही. हातात दुसरं इस्पिक हवंच.

वरच्या अर्ध्यासाठी पोकरची नेहमीची उतरंड चालते. तीन पत्ती खेळणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तिथे सिक्वेन्स कलरला मारतो, इथे कलर सिक्वेन्सला मारतो. तीन एक्के तिथे सर्वांत वर, इथे ते सिक्वेन्सच्याही खाली.

खालच्या अर्ध्यासाठी पाच वेगवेगळी पानं हवीत आणि एकही अठ्ठीच्या वर नको. एक्का इथे एक धरतात, शिवाय वरच्या हातासाठी तो मोठाही असतोच. सिक्वेन्स किंवा कलर झाला तरी खालच्या हाताला बाधा येत नाही. कोणाचा हात लहान हे ओळखायची माझी रीत अशी: पानं मोठ्याकडून लहानाकडे लावून पाच आकडी संख्या वाचायची. ८७३२१ पेक्षा ८६५४३ लहान, म्हणून तो हात जिंकतो. ५४३२१ सर्वांत लहान. तो वरच्या बाजूला सिक्वेन्सही ठरतो. टेबलावर अठ्ठीपर्यंतची निदान तीन वेगळी पानं आली नाहीत, तर खालचा हात कोणाचाच होत नाही आणि सगळा पॉट वरच्याला जातो.

अर्ध्याचा मोह कसा नडतो, ते एका डावात पाहा. टेबलावर तिर्री, सत्ती, अठ्ठी, गुलाम आणि राजा. कलर कोणाचाच नाही. वहिनींकडे एक्का-दुर्री, माझ्या भाच्याकडेही एक्का-दुर्री आणि माझ्याकडे दोन राजे. तिघांनी चाळीस-चाळीस चिंचोके घातले, पॉट १२० चा. तीन राजांवर वरचे ६० मला. खालचा हात दोघांचा सारखाच, ८७३२१. म्हणून उरलेले ६० अर्धे-अर्धे होऊन प्रत्येकी ३०. सर्वांत लहान हात दाखवूनही दोघांचे दहा-दहा चिंचोके गेले!

आता हे पाहा. हातात बदामचा एक्का, बदामची पंजी, इस्पिकची दुर्री आणि एक राणी. टेबलावर बदामची तिर्री, छक्की, गुलाम, जोडीला किलवरची अठ्ठी आणि इस्पिकचा राजा. एक्का-पंजी धरून एक्क्याचा कलर. त्याला मारणारा हात या टेबलावर होऊच शकत नाही. खाली एक्का-दुर्री धरून ८६३२१. याहून लहान हातही इथे होत नाही. दोन वाट्यांसाठी वेगवेगळ्या जोड्या वापरता येतात, हीच या खेळातली सुंदर गोष्ट. चार पानांत सहा जोड्या असतात; त्या सगळ्या कामाच्या हव्यात.

म्हणून चार पानं एकमेकांना धरून असावीत. एक्का-दुर्रीसोबत तिर्री असली तर फार बरं. टेबलावर चव्वी, सत्ती, अठ्ठी असताना मागून दुर्री आली, तर नुसत्या एक्का-दुर्रीवाल्याला एक्का-तिर्रीवाला मागे टाकतो. हाती तिर्री असेल तर तो तुम्हीच असता. सोबत एक्क्याच्याच रंगाचं आणखी एक पान असावं. नव्वी-दश्शीसारखी मधली पानं मात्र वरही अपुरी पडतात आणि खाली तर चालतच नाहीत. ती खुशाल टाकावीत.

शिकताना पहिले काही डाव सगळ्यांनी पानं उघडी ठेवून खेळावेत. रिव्हर आलं की मिळून आधी वरचा हात कोणाचा ते ठरवा, मग खालचा, आणि प्रत्येकाने आपली कोणती दोन पानं घेतली ते बोलून दाखवा. टेबलावरची पाच पानं पाहताच सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा हात कोणता हे न अडखळता सांगता आलं, की पानं झाकून खेळायला लागा.