दाताची चिठ्ठी

‘सुनेच्या डिस्चार्ज कार्डावर “व्हॅक्यूम, २ पुल्स” असं लिहिलंय. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, मग किती वेळा ओढलं याची मोजदाद कशाला?’ एका आजींचा प्रश्न. उत्तरासाठी १८१३ सालातल्या एका माळ्यावर जावं लागेल, आणि तिथे जायला मी निमित्तच शोधत होतो.

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या वुडहॅम मॉर्टिमर हॉल या वाड्यात माळ्याच्या फळ्यांखाली एक पेटी सापडली. नाणी, हातमोजे, पंखे, चष्मे, पत्रं आणि त्यांतच प्रसूतीचे लोखंडी चिमटे. वाडा एके काळी चेंबरलेन यांचा. अडलेली बाळंतीण सोडवायची युक्ती या डॉक्टर घराण्याने शंभरेक वर्षं घरातच दाबून ठेवली. ह्यू चेंबरलेन १६७० मध्ये ती विकायला पॅरिसला गेला. मोरिसो या नामांकित प्रसूतितज्ज्ञाने परीक्षेला अतिशय अरुंद कटीची बाई दिली. ह्यूने दार लावून तासन्‌तास खटपट केली, बाई दगावली. तरी १६७२ मध्ये मोरिसोच्याच पुस्तकाचं भाषांतर छापताना प्रस्तावनेत त्याने फुशारकी मारली, की आमच्याकडे उपाय आहे, पण सांगता येत नाही, माफ करा!

त्या पेटीत कागदात गुंडाळलेला एक दातही होता. वर लिहिलेलं: ‘माझ्या नवऱ्याचा शेवटचा दात’. दाताला चिठ्ठी मिळाली. चिमटा कधी लावावा आणि कधी लावू नये, हे मात्र या घराण्याने जगासाठी कुठेच लिहिलं नाही. मला चेंबरलेन मंडळींचा राग येतो तो इथे.

आज चिमटा असो की व्हॅक्यूम, हत्यार हातात घेण्याआधीच बरंच काम उरकलेलं असतं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलंय, पाणमोट फुटलीय, लघवीची पिशवी रिकामी केलीय. पोटावर हात ठेवला तर बाळाच्या डोक्याचा पाचवा हिस्सा लागेल, त्याहून जास्त नाही. टाळू चाचपून तोंड कुठे वळलंय ते ठरवलेलं. बाईची संमती, वेदनाशमन आणि सिझेरियनची तयारी. व्हॅक्यूमची वाटी मागच्या टाळूच्या सुमारे तीन सेंटिमीटर पुढे मध्य येईल अशी बसते, आणि ओढायचं ते कळेबरोबरच. साधारण तीन ओढींत बाळ बाहेर येण्याच्या बेतात नसेल, तर थांबायचं. ‘आणखी एकदा बघू’ म्हणणाऱ्याला अडवतो तो हाच आकडा.

म्हणून ओढी मोजतात, वाटी निसटली तर तेही लिहितात. बाळाच्या टाळूच्या त्वचेखाली रक्त साठू शकतं. किती डोळ्यांत तेल घालून बघायचं, ते बालरोगतज्ज्ञाला या नोंदीवरून कळतं. आधी आणि नंतर बोळे मोजतात, कारण एखादा आत राहिला तर त्रास बाळंतिणीला. तिला पहिली लघवी कधी आणि किती झाली, हेही कागदावर हवं.

तर आजी, ते कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबतच ठेवा. सुनेच्या पुढच्या खेपेला डॉक्टर ते मागतील.