टॉवेलवरील नक्षी

सोलापूर शहर चादरींप्रमाणेच टॉवेलांसाठीही प्रसिद्ध आहे. टॉवेल विणताना उभ्या धाग्यांपैकी काही ताठ, तर काही सैल ठेवतात. सैल धाग्यांचे बारीक फास कापडावर उभे राहतात व अंगावरील पाणी टिपून घेतात. परंतु अशा कापडावर यंत्राने फूल भरले, की टाके फासांत बुडतात; पाकळ्या दिसेनाशा होतात. फास कापून टाकावेत, तर टॉवेल पाणी कसे टिपणार? म्हणून कारागीर कापडाखाली अस्तर लावतो आणि वर पाण्यात विरघळणारा पातळ, पारदर्शक पापुद्रा पसरतो. त्याखाली फास दबून राहतात व टाके ठसठशीत उमटतात. शेवटी टॉवेल धुतला, की पापुद्रा विरघळून जातो. फूल राहते, फासही राहतात. वस्तूचा गुण न गमावता तिला शोभा आणणे, हेच खरे कौशल्य होय.